सेटइंटरव्हल म्हणजे घड्याळ नव्हे

सेटइंटरव्हल म्हणजे वेबपानावर एखादे काम ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करवणारा जावास्क्रिप्टचा टायमर. त्याला ५००० दिले की सर्व्हरकडून मागवलेला मजकूर बरोब्बर दर ५ सेकंदांनी ताजा होतो, हा समज जुना आणि चुकीचा. त्या आकड्याचा अर्थ ‘निदान इतके मिलिसेकंद थांब’ एवढाच. मुख्य थ्रेड (पानाची कामे एकामागून एक उरकणारा धागा) दुसऱ्या कामात अडकला, की टायमर मुकाट रांगेत. टॅब लपला तर आणखी गंमत: २०२१च्या क्रोम ८८पासून, ५ मिनिटांहून जास्त लपलेल्या, आवाज नसलेल्या टॅबमधले असे टायमर बहुधा मिनिटाला एकदाच तपासले जातात.

खरी डोकेदुखी वेगळीच. सर्व्हरच्या उत्तराला ८ सेकंद लागले, तर दुसरी विनंती तोवर सुटलेली असते. उशिरा पोचलेले जुने उत्तर नव्यावर बसते आणि आकडे मागे सरकतात. मी तरी उत्तर आल्यावरच पुढचा सेटटाइमआउट, म्हणजे एकदाच चालणारा टायमर, लावतो.