स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका : महाराष्ट्र व शेजारील राज्ये

लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद ३२४ अन्वये भारत निवडणूक आयोग घेतो. त्यामुळे त्यांची कार्यपद्धती देशभर सारखी असते. पंचायती व नगरपालिकांचे तसे नाही. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी (१९९२) राज्योराज्यी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणले व मतदार याद्या आणि निवडणुकीचे संचालन त्यांच्याकडे सोपवले. मात्र प्रभागातून किती सदस्य निवडायचे, सरपंच कोणी निवडायचा, उमेदवार अपात्र कशाने ठरतो, हे ठरवणारे कायदे विधिमंडळांच्याच हाती राहिले. फरकांचे मूळ मुख्यतः येथे आहे.

कागल तालुक्यातील मतदार सरपंचासाठी थेट मत देतो, तर सीमेपलीकडे कर्नाटकात, निपाणीकडे, ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात. महाराष्ट्रातील ही थेट निवडही स्थिर नाही : ती २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये सत्तांतरानंतर परतली. छत्तीसगडमध्ये महापौरपदाचे असेच झाले; २०१९ मध्ये नगरसेवकांनी, २०२५ मध्ये मतदारांनी महापौर निवडले. अशा बदलांमागे प्रशासकीय सोयीपेक्षा सत्ताधारी पक्षाचे गणित अधिक दिसते.

मतदानाचे साधनही वेगळे असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींसाठीही मतदान यंत्रे वापरली जातात; गुजरात (२०२१) आणि गोवा (२०२२) येथील ग्रामपंचायत निवडणुका मात्र मतपत्रिकांवर झाल्या. हैदराबादसारख्या महानगरातही २०२० मध्ये कागदी मतपत्रिकाच होती. मुंबईत २२७ प्रभागांतून प्रत्येकी एक नगरसेवक निवडला जातो. महाराष्ट्रातील इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. तेथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी मतदाराला स्वतंत्र बटण दाबावे लागते आणि सर्व जागांची मते दिल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. एकच बटण दाबून निघालेल्या मतदाराला केंद्राध्यक्ष थांबवतात, ते यामुळेच.

गुजरातने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारा कायदा केला, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बिनविरोध निवड करणाऱ्या गावांना अनुदान देणारी ‘समरस’ योजनाही तेथलीच.

मुदतीचा प्रश्न मात्र सर्वत्र सारखा आहे. पाच वर्षे संपण्यापूर्वी निवडणूक घेणे हे आयोगाचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले होते; तरीही प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादांमुळे मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे राहिला.