मुक्त विद्यापीठात बीएला प्रवेश घ्यायचाय? आधी सगळ्या कागदांवरचं नाव ताडून बघा

अंबड एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की साडेतीन-चारच्या सुमारास आमच्या अभ्यासकेंद्राच्या खिडकीसमोर गर्दी होते. अंगात कंपनीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत बारावीची मार्कशीट. गेल्या खेपेला असेच एक दादा आले होते. बारावी होऊन अठरा वर्षं झालेली, बढतीसाठी पदवी हवी होती. पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, एवढ्या वर्षांनी चालतं का?" चालतं. बारावीला टक्के किती, मध्ये गॅप किती, वय किती, यातलं काहीही बीएच्या प्रवेशाला आडवं येत नाही. त्यांना आडवं आलं ते भलतंच. मार्कशीटवर 'मारुती' होतं आणि आधारवर 'मारोती'.

या खिडकीमागे बसून मला एक गोष्ट पटलेली आहे. पात्रता नाही म्हणून परत जाणारी माणसं थोडी. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर यांच्या घोळात अडकणारी कितीतरी. म्हणून पात्रता लवकर उरकते आणि घोळावर सविस्तर लिहिते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे राज्य विधिमंडळाच्या १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेलं राज्य विद्यापीठ आहे, मुख्यालय आपल्या नाशिकलाच. 'खासगी आहे का हो?' असं अजूनही विचारतात, म्हणून सांगितलं. इथली पदवी स्पर्धा परीक्षेला किंवा पुढे एमएला चालते का, तर चालते. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ पद्धतीची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचं म्हणणं आहे.

नाशिककरांची एक हमखास फेरी वाया जाते. विद्यापीठ गावातच आहे म्हणून लोक गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर ओलांडून थेट गोवर्धनला ज्ञानगंगोत्रीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या परिसराच्या फाटकावर जाऊन उभे राहतात. परिसर सुंदर आहे, धरणही जवळ आहे, जाऊन या हवं तर. पण प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि कागद तपासले जातात ते तुम्ही अर्जात निवडलेल्या अभ्यासकेंद्रावर. ही केंद्रं बहुतेक महाविद्यालयांतच असतात. केंद्र निवडताना घराजवळचं बघण्यापेक्षा रविवारी सकाळी पोचायला सोपं पडेल असं बघा, कारण संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे शिकवणीचे तास, बहुधा सुट्टीच्या दिवशी होतात.

आता पात्रता. बीएला कुठल्याही शाखेची बारावी उत्तीर्ण असली की झालं. दहावीनंतर पदविका किंवा आयटीआय केलेल्यांनी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आपल्या अभ्यासक्रमासमोरची पात्रतेची ओळ नीट वाचावी. मित्राचं मागच्या वर्षी झालं म्हणून आपलंही होईल, असं धरून चालू नये. बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम ही या विद्यापीठाची जुनी ओळख. त्याबद्दल एक गैरसमज आहे: पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. ती पदवीच्या प्रवेशाची पायरी आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' असेल तिथे नुसतं हे प्रमाणपत्र पुढे करू नका.

बीएडबद्दल रोज कुणीतरी विचारतं. मुक्त पद्धतीचं बीएड सरसकट सगळ्या पदवीधरांसाठी नाही. ते मुख्यतः सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. आणि दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंग, नर्सिंग किंवा वकिलीची पदवी मिळवून देतो असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. या पदव्या दूरस्थ पद्धतीने द्यायला आयोगाची परवानगीच नाही.

आता मुख्य घोळाकडे. विद्यापीठाचा फॉर्म उघडण्याआधी दोन क्रमांक हातात हवेत. पहिला एबीसी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेतल्या खात्याचा क्रमांक. क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, ते या खात्यात जमा होतात. हल्ली त्यालाच अपार म्हणतात. तो डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपमधून निघतो आणि त्यातली माहिती आधारवरून उचलली जाते. दुसरा डीईबी आयडी. दूरस्थ पद्धतीने पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला २०२४ पासून तो सक्तीचा आहे. तो आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर काढायचा आणि त्यासाठी आधी एबीसी लागतो. म्हणजे साखळी अशी: आधार, मग एबीसी, मग डीईबी, मग विद्यापीठाचा फॉर्म. आधारमध्ये एक अक्षर चुकलेलं असेल तर ते अक्षर तसंच्या तसं शेवटपर्यंत वाहत येतं.

एक बारीक गंमत. एबीसी क्रमांक बारा आकडी आणि आधारही बारा आकडी. घाईत लोक एबीसीच्या चौकटीत आधार नंबर ठोकतात आणि 'साइट चालत नाही' म्हणून आमच्याकडे येतात. साइट बरी असते बिचारी.

सगळीकडे ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. दहा वर्षांपूर्वी दिलेला नंबर बंद पडलेला असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी आधार केंद्र गाठा आणि नवा नंबर जोडून घ्या. हे काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात काढू नका. तेव्हा आधार केंद्रावरही रांग असते आणि आमच्याकडेही.

नावाचं म्हणाल तर आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पुढे असतं, आधारवर ते शेवटी येतं. नुसत्या क्रमाचा फरक असेल तर घाबरू नका. स्पेलिंगचा फरक असेल, वडिलांचं नाव गाळलेलं असेल किंवा एकीकडे 'भाऊ', 'राव' चिकटलेलं आणि दुसरीकडे नसेल, तर ते आधी आधारमध्ये दुरुस्त करा. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा दुरुस्तीला जाताना मार्कशीट समोर ठेवून, अक्षर न् अक्षर बघून फॉर्म भरा. ऑपरेटरने टाइप केलेलं स्क्रीनवर वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. मी स्वतः माझ्या सासूबाईंच्या आधारच्या वेळी न वाचता 'हो' म्हटलं होतं आणि दोनातली एक संधी घालवून बसले.

लग्न झालेल्या ताईंचं दुखणं वेगळं. बारावी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. एबीसी सासरच्या नावाने निघतो आणि मार्कशीट जुळत नाही. अशा वेळी दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागद लागतो: विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र. राजपत्रासाठी शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. लग्नाची पत्रिका चालत नाही. हसू नका, आणतात. पदवीवर नाव कुठलं हवं हेही आताच ठरवा. आयुष्यभर तेच छापलेलं राहणार आहे.

जन्मतारखेतही मौज आहे. पूर्वी शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहून टाकलेल्यांची एक पिढीच आहे. आधार काढताना त्यांनी आईने सांगितलेली खरी तारीख दिली, किंवा नुसतं वर्ष सांगितलं. खरी कुठली हा घरातला प्रश्न. शिक्षणाच्या कामात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीखच चालते, म्हणून आधार तिच्याशी जुळवून घ्यावं.

कागद फार लागत नाहीत. दहावी आणि बारावीच्या मार्कशीट, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, नुकताच काढलेला फोटो, सहीचा स्कॅन, आरक्षित प्रवर्गातले असाल तर जातीचा दाखला, आणि नावात फरक असेल तर वर सांगितलेला पुरावा. बारावी राज्याबाहेरच्या बोर्डाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही ठेवा. लॅमिनेशन केलेली मार्कशीट मोबाइलने फोटो काढताना चकाकते आणि नेमका आसन क्रमांकच दिसेनासा होतो. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, थोडी तिरपी धरून काढा, किंवा दहा रुपये देऊन दुकानात स्कॅन करून घ्या. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने करा, आणि परीक्षेत जी कराल तीच.

फॉर्म भरताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचे द्या. सायबरवाल्याचा ईमेल टाकला की पुढच्या सगळ्या सूचना त्यालाच जातात आणि परीक्षेच्या वेळी तुम्ही त्याला शोधत फिरता. शुल्क ऑनलाइन भरलं की पावती लगेच उतरवून घ्या. पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एक-दोन दिवस थांबून लॉगिनमध्ये स्थिती बघा. 'तुमच्या वतीने आम्ही भरतो, रोख द्या' असं म्हणणाऱ्याला रोख देऊ नका. केंद्राने कागद तपासून अर्ज मंजूर केला की कायम नोंदणी क्रमांक मिळतो. तो पाठच करा. पुस्तकं, गृहपाठ, हॉलतिकीट, निकाल, सगळं त्याच्यावर चालतं.

आधी दुसऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात पहिलं वर्ष करून सोडलेल्यांनी एबीसीत आपले क्रेडिट दिसतात का ते बघून घ्यावं. जमा झालेले क्रेडिट सर्वसाधारणपणे सात वर्षं वापरता येतात. दिसले म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाच असं नाही. विषय जुळतात का हे विद्यापीठ तपासतं. नियमित कॉलेज चालू असतानाच इथे दुसरी पदवी करायची असेल तर आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये त्याला वाट मोकळी केली आहे. पीएचडी मात्र त्यात येत नाही.

प्रवेश झाल्यावर लोक निर्धास्त होतात आणि तिथेच चुकतात. आयोगाच्या नियमांप्रमाणे सत्रान्त परीक्षेचं वजन किमान ७० टक्के, उरलेलं गृहपाठ वगैरे चालू मूल्यमापनाचं. गृहपाठ नाही दिला तर ते गुण गेले, मग पेपर कितीही छान लिहा. दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही आपोआप होत नाही, पुन्हा फॉर्म आणि शुल्क भरावं लागतं. पहिलं वर्ष पास होऊन दुसऱ्याची मुदत चुकवलेले लोक दर वर्षी भेटतात.

आणि ते मारुतीदादा? आधारची दुरुस्ती होऊन मुदतीच्या दोन दिवस आधी आले, पाळी बदलून. पावणेसातला फॉर्म गेला, पावती निघाली. पावती घडी करून खिशात घालताना म्हणाले, "मॅडम, पुस्तकं आजच मिळतील का?"