घाटाचा राजा (सायकल शर्यत)

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत चढाच्या माथ्यावर जो सरस ठरतो, त्याला दिला जाणारा किताब. मराठीत हे नाव मुंबई–पुणे सायकल शर्यतीने रुजवले. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही आणि लोणावळा सहाशेच्या वर आहे; मधला बोरघाट, त्यातही शिंगरोबाच्या देवळापाशी उभा होणारा रस्ता, शर्यतीची चाळणी करतो. एकच मोठा घाट असेल तर हिशेब सोपा असतो, माथ्यावर पहिला आला तो राजा. अनेक दिवसांच्या, अनेक घाटांच्या शर्यतीत मात्र हा किताब गुणांवर ठरतो. तिथे ‘सर्वांत चांगला चढणारा’ आणि ‘घाटाचा राजा’ या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. प्रेक्षकांचे निम्मे वाद याच फरकातून उद्भवतात.

टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत ही स्पर्धा १९३३ साली सुरू झाली. पहिला मानकरी स्पेनचा विसेंते त्रुएबा. तो घाट झपाट्याने चढायचा, पण उतारावर कच्चा होता. माथ्यावर कमावलेली आघाडी खाली येईपर्यंत संपायची. म्हणून १९३४ पासून माथ्यावर पहिल्या येणाऱ्याला वेळेची सवलतही देण्यात आली. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी बरीच उशिरा, १९७५ साली आली. ती प्रथम योप झूटेमेल्कच्या अंगावर चढली, पण त्या वर्षी किताब लुसियन व्हान इम्पेने नेला. सर्वाधिक सात किताब रिशार विरांकचे. बाहामोंतेस आणि व्हान इम्पे यांचे प्रत्येकी सहा. इटलीच्या जिरो द इटालिया शर्यतीत याच किताबाची जर्सी निळी असते, स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांची.

चढांचे वर्ग पाच. चौथा सर्वांत सोपा, मग तिसरा, दुसरा, पहिला आणि त्याही वर ‘ऑर काटेगोरी’, म्हणजे वर्गवारीबाहेरचा. हा वरचा वर्ग १९७९ पासून आहे. टूरमध्ये अलीकडे रूढ असलेले गुण असे: वर्गवारीबाहेरच्या माथ्यावर पहिल्या आठ जणांना २०, १५, १२, १०, ८, ६, ४, २, पहिल्या वर्गात १०, ८, ६, ४, २, १, दुसऱ्यात ५, ३, २, १, तिसऱ्यात २ आणि १, चौथ्यात फक्त पहिल्याला १. गुण समान झाले तर वर्गवारीबाहेरचे माथे कोणी जास्त वेळा पहिल्या क्रमांकाने गाठले ते पाहतात, मग पहिल्या वर्गाचे, आणि असेच खाली. शर्यत मध्येच सोडणाऱ्याचे सगळे गुण वाया जातात.

गणित मांडून पाहिले की खेळी कळते. सुरुवातीलाच आघाडीच्या टोळीत निसटलेला सायकलपटू एका दिवसात पहिल्या वर्गाचा एक आणि दुसऱ्या वर्गाचे दोन माथे आधी गाठतो: १० + ५ + ५ = २०. एकूण विजेतेपदाचे दावेदार तोवर मागच्या जथ्यात एकमेकांवर नजर ठेवून असतात. शेवटच्या, वर्गवारीबाहेरच्या माथ्यावर त्यांच्यापैकी कोणी पहिला आला तरी त्याची कमाई तेवढीच, २०. म्हणून किताबाच्या मागे लागलेला खेळाडू आधी मुद्दाम वेळ गमावतो. एकूण क्रमवारीत तो बराच मागे असला की दावेदारांचे संघ त्याला पळू देतात. २०२३ चा मानकरी जुलिओ चिकोने एकूण क्रमवारीत पहिल्या विसातही नव्हता. उलट, शर्यतीचे बरेच टप्पे माथ्यावरच संपत असतील तर दावेदारच गुण गोळा करतात आणि किताब आपोआप पिवळ्या जर्सीवाल्याकडे, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्याकडे, जातो. २०१५ मध्ये ख्रिस फ्रूम, २०२० आणि २०२१ मध्ये तादेय पोगाचार, २०२२ मध्ये योनास व्हिंगेगार्ड यांचे असेच झाले. एकाकडे दोन जर्सी असतील तर तो मानाची जर्सी घालतो आणि ठिपक्यांची जर्सी गुणतालिकेतल्या दुसऱ्याला घालायला मिळते. दूरदर्शनवर पाहून ‘हाच राजा’ म्हणणारे इथेच फसतात.

चढाचा वर्ग कसा ठरतो? ठाम सूत्र नाही. लांबी, उभेपणा आणि तो चढ टप्प्यात कुठे येतो, हे पाहून आयोजक ठरवतात. सायकलस्वार आपल्या फेऱ्या नोंदवतात त्या स्ट्राव्हा ॲपचे सूत्र मात्र उघड आहे: मीटरमधली लांबी गुणिले चढाची टक्केवारी. गुणाकार ८,००० ला चौथा वर्ग, १६,००० ला तिसरा, ३२,००० ला दुसरा, ६४,००० ला पहिला, ८०,००० ला सर्वांत वरचा. हा गुणाकार म्हणजे चढलेल्या उंचीच्या शंभर पट. सिंहगडाचा डांबरी रस्ता सुमारे ९ किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे ६०,०००: दुसरा वर्ग, पहिल्याच्या उंबरठ्यावर. बोपदेव घाट तिसऱ्यात बसतो. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे जवळपास १,१२,०००. दोन सिंहगड एकावर एक ठेवले तर त्याच्या थोडे वर जाता येईल, हे पुणेकरांच्या लक्षात राहायला सोपे.

सपाटीवर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, म्हणून पुढच्याच्या आडोशाला राहणारा बरीच ताकद वाचवतो. घाटात वेग १५–२० वर येतो, आडोशाचा फायदा आटतो आणि वजन बोलू लागते. ७० किलोचा माणूस ८ किलोच्या सायकलवर सिंहगडाचे सहाशे मीटर अर्ध्या तासात चढला तर केवळ उंची गाठायला सुमारे २५५ वॉट लागतात, म्हणजे शरीराच्या किलोमागे ३.६ वॉटच्या वर. टायरचे घर्षण आणि हवा वेगळी. सायकलचे वजन ६.८ किलोच्या खाली नेण्याची परवानगी यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना देत नाही, त्यामुळे हलक्या सायकलपटूला त्या वजनाचा वाटा तुलनेने जास्त वाहावा लागतो.

हौशी लोक बहुधा गिअरमध्ये चुकतात. पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ३.३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी १२ किलोमीटर, आणि ८ टक्क्यांच्या चढावर वरच्याच ७८ किलोंना २०० वॉट. तेवढी ताकद नसेल तर फेऱ्या ४५ वर येतात आणि गुडघा तक्रार करतो. ३४ पुढे, ३४ मागे असेल तर ७० फेऱ्यांना १५० वॉट पुरतात. गिअर वळणाआधीच बदलावा; पूर्ण जोर देत असताना बदलला तर चेन उतरते. पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर शेवाळ आणि दरडीची भीती असते. उतारावर रिम ब्रेक सतत धरून ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटते.

नियमांतले तीन मुद्दे वारंवार चर्चेत येतात. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडल्यास जथ्याचीच वेळ मिळण्याची सवलत माथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला लागू नसते. संघाच्या गाडीला धरून पुढे जाणे गुन्हा आहे: २०१५ च्या व्हुएल्टातून व्हिन्चेंझो निबालीला यासाठीच बाहेर काढले गेले. आणि उतारावर सायकलच्या वरच्या नळीवर बसण्याची पद्धत यूसीआयने एप्रिल २०२१ पासून बंद केली.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर यूसीआयच्या २.२ दर्जाची होती. पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा २ म्हणजे तिचा वर्ग. मुंबई–पुणे शर्यतीत घाटमाथ्यानंतरही पुण्याला साठ किलोमीटरहून जास्त अंतर राहते. एकट्याने माथा गाठलेल्याला जथा पुढे बहुधा मावळातच गाठतो.