कला केंद्राच्या महिन्याच्या पत्रकामागे काय काय आहे

सामुदायिक कला केंद्राचं ‘या महिन्यात आणि पुढे’ असं पत्रक कुठल्याही देशातलं घ्या, मांडणी जवळपास सारखीच निघते. वर एक चालू प्रदर्शन, त्याखाली आठ-दहा आठवड्यांचे वर्ग, मग संध्याकाळचे एक-दोन प्रयोग आणि तळाशी कुणी न वाचणाऱ्या सूचना. हा साचा कुणी बसून ठरवलेला नाही. संध्याकाळचे वर्ग एका काळातून आले, फिरती प्रदर्शनं दुसऱ्या, सगळ्या कामांना चालणारं सभागृह तिसऱ्या. आणि पत्रक किती दिवस आधी तयार व्हायला हवं, हे बराच काळ छपाईच्या यंत्राने ठरवलं.

वस्तीत कला आली ती संध्याकाळी

सुरुवात लंडनच्या पूर्व भागात सापडते. व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत पाद्री सॅम्युअल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८१पासून दर वर्षी ईस्टरच्या सुमारास शाळेच्या खोल्यांमध्ये चित्रप्रदर्शन भरवायला सुरुवात केली. चित्रं लोकांकडून उसनी आणलेली, जागाही उसनी, म्हणून मुदत मोजक्या आठवड्यांची. प्रदर्शन रविवारीही उघडं असे आणि त्यावरून धार्मिक मंडळींनी बराच गदारोळ केला. पण आठवडाभर कारखान्यात आणि गोदीत राबणाऱ्या माणसाला दुसरा मोकळा वार होता कुठे? वेळापत्रक येणाऱ्याच्या सवडीने आखायचं, ही या केंद्रांची पहिली खरी रीत तिथे पडली. १८८४मध्ये याच दांपत्याने टॉयन्बी हॉल सुरू केला. शिकलेले तरुण वस्तीतच राहायला येणार आणि संध्याकाळी वर्ग, व्याख्यानं घेणार, अशी ती योजना होती. १८८८पासून संस्थेचं मासिक निघू लागलं, आणि प्रदर्शनांच्या त्या परंपरेतून १९०१मध्ये व्हाइटचॅपल गॅलरीची कायमची इमारत उभी राहिली.

टॉयन्बी हॉल पाहून परतलेल्या अमेरिकन समाजसेविका जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह १८८९मध्ये शिकागोत हल हाउस उघडलं. तिथे मूळ घराला जोडलेली पहिली नवी इमारत चित्रदालनाची होती, हे मुद्दाम नोंदवण्यासारखं आहे. ती १८९१ची. दोन वर्षांत संगीतशाळा आली, १८९९मध्ये रंगमंच. कामं इतकी वाढल्यावर कुठल्या खोलीत कोणत्या वारी काय चालतं हे तोंडी सांगून भागेना, तेव्हा १८९६मध्ये हल हाउसने स्वतःचं पत्रक काढलं. वर्ग, मंडळं, व्याख्यानं, वार, वेळ. आजच्या पत्रकाचा हा सरळ पूर्वज.

सायक्लोस्टाइलचं राज्य

अशी पत्रकं छापखान्यातून काढणं लहान संस्थांना परवडणारं नव्हतं. तो प्रश्न स्टेन्सिलने सोडवला. डेव्हिड गेस्टेटनर यांचं सायक्लोस्टाइल १८८१चं. एडिसनच्या पेटंटांवर आधारलेलं ए. बी. डिक कंपनीचं मिमिओग्राफ १८८७चं. मेणाचा थर दिलेला पातळ, चिवट कागद, म्हणजेच स्टेन्सिल, टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला सारायची आणि कळा जोरात मारायच्या. जिथे अक्षर आदळतं तिथला मेण हटतो आणि त्या वाटेने शाई खालच्या कागदावर उतरते. पुढे स्टेन्सिल गुंडाळलेला ड्रम फिरवत राहायचा.

यात चुकायच्या जागाही ठरलेल्या होत्या. कळ फार जोरात पडली की ‘ओ’सारख्या बंद अक्षराचा मधला गोल तुकडाच गळून पडे आणि छापताना तिथे काळा ठिपका येई. कळ हलकी पडली तर अक्षर पुसट. चूक झाली तर दुरुस्तीचं द्रावण लावायचं, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग पुन्हा टाइप करायचं. घाई केली की तिथेच फाटे. कागद गुळगुळीत घेतला तर शाई शोषली जात नसे आणि ताज्या पानाची शाई वरच्या पानाच्या पाठीला लागे. म्हणून ही पत्रकं खरबरीत, शोषणाऱ्या कागदावर असत. एका स्टेन्सिलवर काहीशे ते हजार-दोन हजार प्रती निघत, पण ड्रमवरून उतरवलेली स्टेन्सिल नीट जपून पुन्हा लावणं जिकिरीचं. त्यामुळे महिन्याच्या मध्यात तारीख बदलली तर नवं पान काढण्याऐवजी हाताने खोडून लिहिलं जाई. पत्रकात चित्रं कमी आणि मजकूर जास्त, ही सवयही तिथलीच: टाइपरायटरने चित्र उमटत नाही.

पेटाऱ्यांनी ठरवलेली तारीख

१९३५मध्ये मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार कलाकारांना काम देणारी फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना आणली. होल्गर केहिल तिचे संचालक. योजनेचा एक भाग म्हणजे सामुदायिक कला केंद्रं. १९४३मध्ये योजना आटोपेपर्यंत अशी शंभराहून जास्त केंद्रं उघडली गेली, त्यातली बरीच आधी कलादालन म्हणून काहीच नसलेल्या गावांत. व्यवहार साधा होता. जागा, भाडं, वीज यांचं स्थानिक लोकांनी बघायचं. शिक्षकांचे पगार आणि फिरती प्रदर्शनं सरकारने पुरवायची. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या केंद्राच्या पहिल्या संचालक शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज होत्या. शिकागोच्या साउथ साइड केंद्रासाठी तर कार्यकर्त्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून दहा-दहा सेंटची नाणी जमवली. ते केंद्र १९४०मध्ये सुरू झालं, ७ मे १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचं रीतसर उद्घाटन झालं, आणि ते त्याच घरात आजही चालू आहे. तिथल्या दालनाच्या लाकडी भिंतींवर आजवरच्या प्रदर्शनांच्या खिळ्यांची भोकं तशीच दिसतात. केंद्राचा इतिहास वाचायला याहून चांगली वही नाही.

फिरत्या प्रदर्शनांमुळे केंद्राच्या कॅलेंडरला एक नवा कणा मिळाला. पेटारे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणार, म्हणजे एकाकडे उशीर झाला की पुढच्या सगळ्यांचं उद्घाटन लांबणार. दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालन काही दिवस बंद ठेवायची आणि ते दिवस पत्रकात छापायची पद्धत या गरजेतून रुजली. आजही हिशेब फारसा बदललेला नाही. जुनं उतरवून पॅक करायला एक दिवस. भोकं बुजवणं, घासणं, रंग आणि वाळण्याचा वेळ मिळून दोन. टांगायला दोन, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं धरतात. दिवे आणि नावाच्या पट्ट्यांना एक. म्हणजे आठवडा गेलाच. जी केंद्रं हे तीन दिवसांत बसवतात, त्यांच्या उद्घाटनाला पाहुण्यांच्या कपड्यांना ओला रंग लागतो.

प्रदर्शन किती दिवस ठेवायचं, हे उत्साहापेक्षा प्रकाशावर ठरतं. जलरंग, जुनी छायाचित्रं, कापड यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश टाकायचा, तैलरंगाला १५० ते २०० चालतो. रंग विटणं हे तीव्रता गुणिले वेळ असं साठत जातं आणि परत येत नाही. म्हणून कागदावरच्या कामांना दोन-तीन महिन्यांची मर्यादा घालून मग विश्रांती देतात. ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ छापण्याआधी चित्रांच्या मालकाला विचारलेलं बरं.

फेडरल आर्ट प्रोजेक्टने भित्तिपत्रकही बदललं. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या विभागात पोस्टर हातानेच रंगवले जात. अँथनी व्हेलोनिस यांनी तिथे रेशमी पडद्याची छपाई, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, बसवून दिली. चौकटीवर ताणलेलं रेशीम, नको ती जागा बंद केलेली, आणि रबरी पट्टीने ओढलेला रंग. प्रत्येक रंगाला वेगळा पडदा, म्हणून तीन-चार सपाट रंग आणि ठळक आकार यांतच सगळं सांगायचं. पडदे जुळवायची कोपऱ्यातली खूण एक मिलिमीटर सरकली तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसते. म्हणून गडद रंग शेजारच्या फिक्यावर किंचित चढवायचा. देशभरातून सुमारे ३५,००० रचनांच्या २० लाख प्रती निघाल्या. त्यांतले जेमतेम २,००० पोस्टर आज ठाऊक आहेत. बाकीचे कार्यक्रम संपताच फाडले गेले, आणि ते साहजिकच होतं.

एकाच सभागृहात सगळं

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट युद्धातून आली. १९४०मध्ये स्थापन झालेल्या सरकारी परिषदेने कारखान्यांत आणि लहान गावांत मैफली, नाटकं, प्रदर्शनं नेली. १९४६मध्ये तिचीच आर्ट्स काउन्सिल झाली. आदल्या वर्षी परिषदेने १५ ते ३० हजार वस्तीच्या गावांसाठी कला केंद्राचे नमुना आराखडे मांडले होते. प्रत्यक्षात पैसा आणि सिमेंट दोन्ही कमी. त्यामुळे १९४६चं ब्रिजवॉटरचं केंद्र उघडलं ते जुन्या घरात. फ्रान्सने १९६१पासून संस्कृतिमंत्री आंद्रे माल्रो यांच्या काळात मोठी संस्कृतिगृहं बांधली. लंडनमध्ये १९६७ला ड्रुरी लेनवर सुरू झालेली आर्ट्स लॅब बरोबर उलट्या टोकाची: गोदामात नाटक, सिनेमा, चित्रं सगळं एकत्र. ती दोनच वर्षं टिकली, पण तिचं अनुकरण गावोगाव झालं.

एक सभागृह सगळ्यांना वापरू देण्याची कल्पना कागदावर स्वस्त वाटते. मॉस्कोत वास्तुकार कॉन्स्टन्टिन मेल्निकॉव्ह यांनी १९२०च्या दशकाअखेरीस बांधलेल्या रुसाकोव्ह कामगार क्लबात सभागृहाचे भाग गरजेनुसार वेगळे करता येतील अशी रचना होती, म्हणजे अडचण तेव्हाच ओळखली गेली होती. भाषणाला घुमण्याचा काळ सेकंदभर किंवा कमी लागतो, वाद्यवृंदाला दीड-दोन सेकंद. जाड पडदे ओढून थोडं जमवता येतं, पण पूर्ण नाही. नृत्याला लवचीक लाकडी जमीन हवी, नाहीतर काँक्रीटवर उड्या मारून घोटे आणि नडग्या दुखावतात. त्याच जमिनीवर खुर्च्यांचे पाय खड्डे पाडतात. दोनशे खुर्च्या मांडायला दोन माणसांना तासभर तरी हवा, उचलायला अर्धा. म्हणून सातला वर्ग सुटतो आणि साडेसातला प्रयोग आहे, असं ज्या पत्रकात दिसतं ते करणाऱ्याने खुर्च्या कधी उचललेल्या नसतात. ड्रमचा वर्ग आणि शेजारच्या खोलीत काव्यवाचन हीही नेहमीची गफलत. खालच्या सुरांचे आवाज भिंतीच्या फटींतून येत नाहीत, इमारतीच्या हाडांतून येतात; दार बंद करून उपयोग नसतो.

वर्गांची मुदत भट्टी ठरवते

आठ-दहा आठवड्यांचं सत्र शाळांच्या तिमाहीवरून आलं, पण मातीकामाच्या वर्गात त्याला भक्कम तांत्रिक कारणही आहे. बनवलेलं भांडं हळूहळू वाळायला आठवडा लागतो, जाड बुडाला जास्त. ओलं राहिलं तर १०० अंश सेल्सिअसच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ होते, भांडं फुटतं आणि शेजारची चार घेऊन जातं. त्यानंतर पहिली भाजणी साधारण १,००० अंशांवर. मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. मग दुसरी भाजणी, स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजली जाणारी भांडी, असेल तर १,२०० अंशांच्या वर. भट्टी तापायला आठ-दहा तास आणि थंड व्हायला बहुतेकदा त्याहून जास्त. शंभर अंशांखाली येण्याआधी झाकण उघडलं की गार हवेने तडे जातात. भट्टी भरल्याशिवाय लावणंही परवडत नाही.

उलटा हिशेब केला की आठ आठवड्यांच्या सत्रात सहाव्या आठवड्यानंतर नवं काही बनवता येत नाही. सातवा आठवडा राहिलेल्या पहिल्या भाजणीचा, आठवा ग्लेझचा, आणि भांडी हातात पडतात ती सत्र संपल्यावर. पत्रकात ‘तयार वस्तू नेण्याची तारीख’ वेगळी न छापणाऱ्या केंद्राच्या फडताळावर सहा महिन्यांनी बेवारस कप उभे असतात.

पत्रक पडद्यावर गेलं तेव्हा

१९८५मध्ये लेझर प्रिंटर आणि पानं जुळवायचं सॉफ्टवेअर एकत्र आलं आणि स्टेन्सिल मागे पडली. चित्रं आली, अक्षरांचे वीस प्रकार आले, आणि एक नवी चूकही आली: गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलायच्या आणि वार तसाच ठेवायचा. साध्या वर्षात तीच तारीख पुढच्या साली एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. वार आणि तारीख जुळत नसेल तर निम्मे लोक वारावर विश्वास ठेवतात. ‘रात्री १२’ हा दुसरा सापळा, ११.५९ लिहिलं की वाद मिटतो.

कार्यक्रमाची नोंद एका यंत्रातून दुसऱ्यात जावी म्हणून १९९८मध्ये आयकॅलेंडर हा खुला नमुना ठरला. त्यात प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायम ओळख-संकेत असतो. वेळ बदलली तर तोच संकेत ठेवून आवृत्तीचा आकडा एकाने वाढवायचा. नोंद पुसून नवी केली, तर ज्यांनी आधीची आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली त्यांच्याकडे दोन्ही राहू शकतात, आणि ते जुन्या वेळेला येऊन बंद दारासमोर उभे राहतात. कार्यक्रम रद्द झाला तरी हेच: नोंद ‘रद्द’ अशी खूण करून मूळ तारखेपर्यंत जागेवर ठेवायची. सायक्लोस्टाइलच्या पानावर हाताने मारलेली काट हेच काम करत असे.