खिसेकापूला स्वतःचा विनोद कळतो का?

गरिबीवरच्या गाण्यात गाणारा जरा हसला की लोक 'काय उपरोध आहे!' म्हणून मोकळे होतात. उपरोध ओळखायला सोपा, म्हणून तो आधी उरकतो.

'फिर सुबह होगी' (१९५८) या चित्रपटातलं गाणं घ्या. कवी इक्बालच्या 'सारा जहाँ हमारा'ची ऐट साहिर लुधियानवींनी उचलली आणि बेघराच्या तोंडी घातली: राहायला घर नाही, पण सारं जग आमचं! इक्बालचा 'संतरी', म्हणजे पहारेकरी, हा हिमालय. साहिरचा संतरी बेघराचे खिसे रिकामे म्हणून त्याला शिव्या घालतो. इथे कवी, गाणारा आणि आपण, तिघंही एकाच बाजूला. (याला विडंबन म्हणायचं की उपरोध, यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं.)

आता 'सीआयडी' (१९५६) मधलं मजरूह सुलतानपुरींचं 'ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ' घ्या. इथे बेघराला हसतहसत आवारा म्हणतात आणि स्वतः सगळ्यांचे गळे कापून त्याला बिझनेस म्हणतात, अशी तक्रार आहे. पण ती करतोय कोण? पडद्यावर जॉनी वॉकर, आणि त्याचं पात्र खिसेकापूचं! दुसऱ्याचा खिसा कापणारा गळेकापूंवर बोलतोय, हे त्याच्या लक्षात आलंय का? आलं असेल तर तो आपल्याला डोळा मारतोय. नसेल तर तो मनापासून स्वतःला बिचारा समजतोय आणि मजरूह त्याच्या पाठीमागून आपल्याला खूण करताहेत. रफीच्या आवाजावरून काही म्हणजे काही ठरत नाही. हा संदिग्ध निवेदक. साहिरच्या बेघराचे शब्द उलटे वाचले की काम भागतं. इथे उलटं वाचायचं की सुलटं, तेच कळत नाही. शिवाय खिसेकापू बोलला म्हणून बिझनेसवाले काही सुटत नाहीत!

त्यात शेवटी कुमकुम, गीता दत्तच्या आवाजात, त्यालाच झापते: जगाला नावं ठेवतोस, एवढा भोळा बनू नकोस, जो करतो तो भरतो. 'मुश्किल'चं 'आसाँ' होतं. मला तर तिचाही पूर्ण भरवसा वाटत नाही, आणि म्हणूनच साहिरपेक्षा हे गाणं मला जास्त आवडतं.

मध्यंतरी एका गाण्यांच्या कार्यक्रमात नेमकं हेच कडवं गाळलं. वर निवेदिका म्हणाली, "किती मार्मिक उपरोध!"