अण्णाभाऊंचा पुतळा लाल चौकात नाही

१ ऑगस्ट, म्हणजे अण्णाभाऊंची जयंती, जवळ आली की सोलापुरात तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘रशियाने अण्णाभाऊ साठेंचा पुतळा त्यांच्या हयातीतच मॉस्कोच्या लाल चौकात उभारला.’ मागे एका फ्लेक्सवर तर लाल चौकातल्या चर्चच्या कांद्यासारख्या घुमटांपुढे अण्णाभाऊ डफ घेऊन उभे केले होते. जोडकाम झकास, फक्त डफाची सावली उलट्या बाजूला पडलेली!

पुतळा मॉस्कोत आहे, हे खरंच. पण लाल चौकात नाही. रुडोमिनो यांच्या नावाच्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात तो आहे, आणि तोही अर्धपुतळा. अनावरण झालं १४ सप्टेंबर २०२२ रोजी, देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते. अण्णाभाऊ गेले १८ जुलै १९६९ ला, म्हणजे मधे त्रेपन्न वर्षं गेली.

घोळ बहुधा त्यांच्या दौऱ्यामुळे झाला असावा. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. प्रवास खरा, म्हणून पुतळाही तेव्हाचाच, असं लोकांनी जोडून टाकलं. मला विचाराल तर चौकापेक्षा ग्रंथालयच बरं. दीड दिवस शाळेत गेलेला वाटेगावचा माणूस तिथे पुस्तकांच्या संगतीत आहे. यंदा फ्लेक्स छापणाऱ्यांनी घुमट तेवढे काढावेत.