मुंबईचा महिला संघ डब्ल्यूपीएलमुळे जन्मला नाही

लोकलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर एक विधान ठरलेलं असतं: २०२३ मध्ये डब्ल्यूपीएल, म्हणजे विमेन्स प्रीमियर लीग आली आणि मुंबईला बायकांचा क्रिकेट संघ मिळाला. यात पन्नास वर्षं गायब होतात.

एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. म्हणजे मुंबई पहिल्या दिवसापासून मैदानात होती, आणि महाराष्ट्रापासून वेगळीही. (आजही ती वेगळीच आहे, म्हणून मुंबईत जन्मलेली, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना महाराष्ट्राकडून खेळत आली.) त्या काळी कारभार महिलांच्या स्वतंत्र संघटनेकडे होता, ती बीसीसीआयमध्ये विलीन झाली २००६ मध्ये.

मग मुंबईचं नाव कमी का ऐकू आलं? मोठं कारण रेल्वेचा संघ. रेल्वेत नोकरी होती, महिन्याचा पगार होता, त्यामुळे राज्योराज्यीच्या चांगल्या खेळाडू तिकडे गेल्या आणि देशांतर्गत करंडक वर्षानुवर्षं रेल्वेकडेच राहिले. भारताच्या माजी कर्णधार, मुंबईच्याच डायना एडुलजी पश्चिम रेल्वेत होत्या. त्यांना दोष कोण देणार? राज्य संघाकडून खेळून तेव्हा घर चालत नव्हतं.

डब्ल्यूपीएलमधली मुंबई इंडियन्स ही फ्रँचायझी आहे, लिलावात घेतलेल्या खेळाडूंची. मुंबई क्रिकेट असोसिएशनचा संघ निराळा. २०१७ मध्ये जेमिमा रॉड्रिग्जने सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ काढल्या त्या मुंबईच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून, डब्ल्यूपीएलच्या पाच वर्षं आधी.